राळेतली सुरंगी

"फुलं काढा! आई, आधी ती फुलं काढा तिथून!"

रचना गुडघाभर चिखलात उभी राहून ओरडली आणि माझी आई हातातली झेंडूची माळ तशीच धरून तिच्याकडे बघत राहिली. दिघीच्या कोळीवाड्यात माझ्या आईला, म्हणजे मनुबाईला, चारचौघांत असं सांगणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. आणि इथे तर तिची सून बोलत होती, तीही ओटीच्या फुलांबद्दल.

"काय बोलली गो ती?" गोदूमावशीने शेजारणीला विचारलं. मावशीला पहिल्याच वेळी स्पष्ट ऐकू आलं होतं, पण असलं काही एकदाच ऐकून तिचं समाधान होत नाही.

मी नुकताच कामावरून सटकून तिथे पोचलो होतो. दिघीहून खाडीपलीकडे आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर मी तिकिटं देतो. आई आणि बायको यांच्या मधोमध उभं राहण्यापेक्षा परत फेरीवर जावं असं मला मनापासून वाटलं. पण दोघींनी मला पाहिलं होतं, त्यामुळे सुटका नव्हती.

भानगड अशी होती. शिमग्याच्या आधी सदामामाच्या होडीचा नांगर ओहोटीला चिखलात अडकला. मामाने ओढून ओढून काढला तेव्हा त्याच्याबरोबर एका काळ्या फळीचं टोक वर आलं. मामाचा जन्म होड्यांत गेलेला. फळीवरून हात फिरवून तो म्हणाला, "ही आपल्या बापजाद्यांच्या बी आदीची हाय." दुसऱ्या ओहोटीला सगळ्यांनी मिळून चिखल उपसला, तर होडीची एक अख्खी बाजू उघडी पडली. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, काथ्याने शिवलेल्या होत्या.

आमच्याकडे होडी म्हणजे बाईमाणूस. नवी होडी पाण्यात लोटायच्या आधी तिची ओटी भरतात. ही तर कधीकाळी बुडालेली आणि आता आपणहून वर आलेली. आईने जाहीर करून टाकलं की माहेरवाशीण घरी आली आहे. झालं, वाडीतल्या झाडून साऱ्या बायका तांदूळ, नारळ, हळदकुंकू आणि आपापल्या परसातली फुलं घेऊन चिखलात उतरल्या. मुरुडच्या कॉलेजातून रचना धावतपळत येईपर्यंत होडीवर फुलांचा ढीग झाला होता.

"आई, रागावू नका," रचना आता आवाज खाली आणून म्हणाली. "या फळ्यांच्या फटींत राळ भरलेली आहे. त्या राळेत अडकलेली धूळ मला बघायचीय. तुमच्या फुलांची धूळ तिच्यात मिसळली तर मला काही म्हणजे काही कळायचं नाही."

"धूळ?" आई म्हणाली. "पोर येवढ्या वर्सांनी घरी आली, आनि तुला धूळ पडलीया?"

तिने माळ होडीच्या टोकाला घातली, हात जोडले, आणि मगच सुनेला वाट करून दिली. "हां. आता बग तुजी धूळ."

रचना बोर्ली पंचतनजवळच्या एका गावची, भातशेती करणाऱ्यांची मुलगी. मुरुडला कॉलेजात शिकायला जायची तेव्हा रोज माझ्या फेरीवर असायची. एकदा मी तिला तिकीट दिलं तर तिने माझ्या शर्टाच्या खांद्यावर बोट फिरवलं, ते पिवळं झालेलं बोट डोळ्यांजवळ नेऊन निरखलं आणि विचारलं, "तुम्ही आता सुरूच्या झाडाखाली झोपला होता ना?" मी खरंच झोपलो होतो, कामाच्या वेळेत. ही बाई आपल्याला जन्मभर अशीच पकडत राहणार, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी लग्न केलं.

शेतकऱ्याची मुलगी कोळ्याच्या घरात आली म्हणून दोन्हीकडे थोडी कुरकुर झाली. आईने तिला बोंबील साफ करायला शिकवलं, तिने आईला मोबाइलवर फोटो मोठा करून बघायला शिकवलं, आणि दोघींचं बरं चाललं. रचना ज्या कॉलेजात शिकली तिथेच वनस्पतिशास्त्र शिकवायला लागली. नंतर, म्हणजे लोक मुलांच्या लग्नाचं बघायला लागतात त्या वयात, तिने पुण्याच्या पोंक्षेबाईंकडे पीएचडीला नाव घातलं. विषय होता परागकण.

माझी बायको काय करते असं फेरीवर कुणी विचारलं की मी सांगतो, धूळ बघते. लोक हसतात. मग मी नीट सांगतो, कारण मला ते सांगायला आवडतं. फुलातली जी पिवळी पूड असते ती हवेत उडते. तिचा एकेक कण डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचं कवच भलतंच चिवट. फूल सडतं, झाड मरतं, कवच राहतं. सूक्ष्मदर्शकाखाली घातलं की प्रत्येक झाडाच्या कणाचा चेहरा वेगळा. झेंडूचा काटेरी, गवताचा साधा गोल आणि त्याला एकच भोक. आता पूर्वीचे लोक होडीच्या फटी बुजवायला राळ तेलात उकळून गरम गरम भरायचे. गरम राळ चिकट. त्या दिवशी त्या किनाऱ्यावर जे काही फुललं असेल त्याचे कण तिला येऊन चिकटणार, आणि राळ थिजली की आत कोंडले जाणार. ते कण ओळखता आले तर होडीची डागडुजी कुठल्या किनाऱ्यावर झाली ते सांगता येईल. एवढं सांगेपर्यंत साधारण आगरदांडा येतो.

म्हणून रचनासाठी त्या चिखलातल्या होडीचं मोल वेगळंच होतं. इतकी वर्षं ती खाडीच्या गाळात परागकण शोधत होती. शिवलेल्या जुन्या होडीतली राळ तिच्या पोंक्षेबाईंनासुद्धा कधी हाताळायला मिळाली नव्हती. आणि होडी वर आली ती थेट आमच्या अंगणासमोर. त्या रात्री जेवताना ती मध्येच थांबायची, माझ्याकडे बघून हसायची आणि पुन्हा भात कालवायची.

पुढच्या आठवड्यात सरकारच्या पुरातत्त्व खात्याची माणसं फळ्या न्यायला आली. पोंक्षेबाईंनी आधीच परवानगी काढून ठेवली होती, त्यामुळे रचनाला खात्याच्या माणसांसमोर राळेचे काही खडे काढून घेता आले. त्यातला सगळ्यात मोठा, खोबऱ्याच्या वाटीएवढा, निघता निघता दुभंगला. रचना हळहळली नाही, उलट खूश झाली. आतला भाग आयताच उघडा झाला होता आणि त्याला झेंडूचा वारा लागलेला नव्हता. ते दोन तुकडे तिने उकळत्या पाण्यातून काढलेल्या एका स्टीलच्या डब्यात ठेवले. तोवर पुण्याची गाडी गेली होती. डबा रात्रभर आमच्याकडे राहिला आणि सकाळच्या एसटीने ती तो मांडीवर घेऊन पुण्याला गेली.

काथ्याची तपासणी झाली तेव्हा होडी सात-आठशे वर्षांपूर्वीची निघाली. हे ऐकून सदामामाने सगळ्या वाडीला चहा पाजला.

राळेचं काम मात्र सावकाश चाललं. रचना सुट्टी मिळाली की पुण्याला जायची. खडा धुवायचा, वरचा पापुद्रा खरवडून वेगळा ठेवायचा, आतली राळ विरघळवायची, उरलेला गाळ काचेवर घ्यायचा आणि मान मोडेपर्यंत बघत बसायचं. वरच्या पापुद्र्यांत अपेक्षेप्रमाणे आमच्या वाडीची फुलं भरली होती. त्यात झेंडू तर इतका, की रचना म्हणाली, दसऱ्याला दादरच्या बाजारातही एवढा नसेल.

"पण झेंडू आहे ते बरंच आहे," तिने घरी आल्यावर समजावून सांगितलं. "ही होडी बुडाली तेव्हा आपल्याकडे झेंडू नव्हताच. तो मागाहून पोर्तुगिजांच्या काळात आला, अमेरिकेतून. म्हणजे जिथे झेंडू दिसेल तिथे आजकालची धूळ शिरलीय असं समजायचं. आतल्या राळेत मला एकही झेंडू दिसला नाही. आतली राळ स्वच्छ आहे."

आईच्या डोक्यात यातलं एकच राहिलं. "झेंडू परदेशी?" ती म्हणाली. "आपला दसऱ्याचा झेंडू? काय तरी सांगू नको हां रचना."

"खरंच, आई."

"आनि आमी येवढी वर्सं देवाला घालतोय त्यो?"

"देवाला चालतो. मला चालत नाही."

आईला हे इतकं आवडलं की पुढे कित्येक दिवस ती झेंडूला 'तो फिरंगी' म्हणत होती.

आणि मग एका दुपारी मी फेरीवर असताना रचनाचा पुण्याहून फोन आला. इंजिनाच्या आवाजात मला फक्त रडणं ऐकू आलं. मी टोकाला जाऊन कान झाकला तेव्हा कळलं, ती हसत होती.

"सुरंगी!" ती म्हणाली. "विनेश, आतमध्ये सुरंगी आहे!"

लग्नानंतर तिने मला चारचौघांत आणि फोनवर 'अहो' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. त्यामुळे प्रकरण मोठं आहे हे माझ्या लक्षात आलं. प्रकरण असं होतं की त्या मोठ्या, दुभंगलेल्या खड्याच्या आतल्या बाजूला सुरंगीचे परागकण सापडले होते. बाकी खड्यांमध्ये तिवराचे कण होते, गवतांचे होते, काही न ओळखता येणारे होते. पण तिवर काय, उष्ण देशातल्या खाडीत सगळीकडे असतं. सुरंगी तशी नाही. ती फुलते शिमग्याच्या आगेमागे, आणि फुलते ती आपल्या या पट्टीत, इथून खाली कारवारकडे. राळेच्या पोटात सुरंगी म्हणजे होडी याच किनाऱ्यावर कुठेतरी उताणी पडलेली होती आणि कुणीतरी सुरंगीच्या घमघमाटात तिच्या फटी भरत होतं.

मी घरी जाऊन आईला सांगितलं. आई चुलीपुढून उठली, बाहेर आली आणि वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी म्हनत न्हवते? आपलीच हाय ती!"

त्यानंतर आईला आवरणं कुणाच्या हातात राहिलं नाही. बोर्लीच्या बाजारात ती सुकी मासळी विकते. तिथे बोंबील घ्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आता होडीची हकिगत फुकट मिळू लागली. "सात-आटशे वर्सं खाडीत व्हती. आमचीच. माज्या सुनंनं सोदून काडलं." सरपंचांनी ठरवलं की जेट्टीजवळ एक मोठा फलक लावायचा आणि त्यावर 'दिघीच्या कोळ्यांची प्राचीन होडी' असं लिहायचं. रंगारीसुद्धा ठरला. रचनाच्या प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण सुरंगीवर होतं. ते लिहिताना ती गुणगुणायची. आमच्या घरात त्या वर्षी जितका आनंद होता तितका मी आधी कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगतो, मला तो अगदी उतू जाईपर्यंत हवा होता.

पुढच्या वर्षी शिमग्याच्या आधी पोंक्षेबाई दिघीला आल्या. साठीच्या, बुटक्या, आवाज खणखणीत, आणि चिंबोऱ्यांवर, म्हणजे खेकड्यांवर, त्यांचं प्रेम. आईने सकाळपासून कालवणाची तयारी मांडली होती. बाईंनी पडवीत बसून प्रबंध चाळला, चष्मा काढला आणि रचनाला विचारलं, "सुरंगी एकाच खड्यात का?"

"तोच खडा जाड होता, बाई. बाकीचे लहान. त्यांच्या आतपर्यंत हवा पोचली असेल, कण टिकले नसतील."

"असेल. पण तिवर टिकलं आणि सुरंगी टिकली नाही? मला पटवून घ्यायचंय गं, पण उद्या परीक्षक हेच विचारणार. ओटी भरली त्या दिवशी कुणी सुरंगी वाहिली होती का?"

"वरच्या पापुद्र्यांत मला दिसली नाही."

"मी पापुद्र्याला नाही विचारत. माणसांना विचारलंस?"

रचनाने विचारलं नव्हतं. तिने ताबडतोब गोदूमावशीला निरोप धाडला, आणि गोदूमावशीला निरोप धाडणं म्हणजे साऱ्या वाडीला धाडणं. अर्ध्या तासात आमची पडवी भरली. कुणीतरी काय समजून सांगितलं कोण जाणे, पण प्रत्येक बाई त्या दिवशी वाहिलेलं फूल पुराव्यासाठी बरोबर घेऊन आली होती. पोलीस पाटलांकडे जबान्या द्याव्यात तशा एकेक उभ्या राहिल्या.

"मी दोन जास्वंदी वाहिल्या," गोदूमावशी म्हणाली. "तांबड्या. एक किडकी व्हती, खोटं कशाला बोलू."

"मी तगर," नीराबाई म्हणाली. "आनि अबोली. अबोली जरा जुनी व्हती."

"किती जुनी?" पोंक्षेबाईंनी विचारलं.

"आदल्या दिशीची डोक्यातली," नीराबाई म्हणाली आणि सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

कण्हेर झाली, झेंडू झाला. झेंडूची वेळ आली तेव्हा कुणीतरी 'फिरंगी' म्हणालं आणि पुन्हा हशा पिकला. शेवटी रचनाने विचारलं, "आणि सुरंगी? सुरंगी कुणी वाहिली?"

"सुरंगी कोन वाहील गो?" गोदूमावशी म्हणाली. "ती डोक्यात घालायची. येवढी म्हाग वेनी चिकलात टाकाया आमाला काय याड लागलंय?"

बायकांनी माना डोलावल्या. कुणीच नाही. पोंक्षेबाईंनी समाधानाने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि रचनाकडे पाहिलं. रचनाचा चेहरा असा फुलला होता, की मी तिच्याकडे बघू की बाईंकडे, मला कळेना. मी आत वळून आईला ओरडून सांगणार होतो, की टाक कालवण पानात.

आई दारात उभी होती. चिंबोऱ्या साफ करून हात ओले होते आणि ते तिने पुसले नव्हते.

"थांब रचना," ती म्हणाली. "होडीवर न्हाय वाहिली. पन डब्यात ठेवलेली."

"कुठल्या डब्यात, आई?"

"तुज्या त्या इस्टीलच्या. ती राळ घरात आली त्या राती. लेक पैल्यांदा घरात निजाया आली, आनि तिला कोरडीच ठेवायची? तुज्या बापानं बोर्लीवरनं सुरंगी धाडली व्हती, फडक्यात बांदून. तू निजल्यावर ओंजळभर डब्यात घातली. सकाळी तू उटायच्या आदी काडली. तू वरडशील म्हनून."

"खडा दुभंगलेला होता ना," रचनाने अगदी हळू विचारलं. "फुलं कुठे ठेवलीत? वर?"

"मदी. दोन तुकड्यांच्या मदी."

एवढं झाल्यावर मलाही समजलं. फुटलेली बाजू स्वच्छ समजून रचनाने ती खरवडली नव्हती. डब्यात झेंडू नव्हता, म्हणून आत झेंडू नव्हता. डब्यात सुरंगी होती, म्हणून सुरंगी होती. ती सात-आठशे वर्षांपूर्वीची नव्हती, माझ्या सासऱ्यांच्या परसातली होती.

"मनू!" गोदूमावशी कळवळून म्हणाली. "गप ऱ्हायची व्हतीस गो! कुनाला कळलं असतं?"

"गप ऱ्हायले असते," आई म्हणाली. "मलाबी काय हौस न्हवती. पन ही इचारतीया ना, कुनी वाहिली? इचारल्यावर काय सांगू मी?"

आणि ती आत गेली.

बायका पांगल्या. रचना उठून मागच्या दारी गेली. तिथे बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घातले होते, त्यांच्या आडोशाला उभी राहून ती रडली. मी शेजारी उभा राहिलो. आईचा राग आला होता, आणि आईची कीवही येत होती. सरपंचांचा फलक, बाजारातल्या त्या फुशारक्या, सगळं आईने आपल्या हाताने बुडवलं होतं.

"माझी सुरंगी गेली," रचना म्हणाली.

"आईने डबा उघडायला नको होता."

"नको होता." तिने पदराने नाक पुसलं. "पण आता सांगितलं नसतं तर? मी छापलं असतं हो. लोकांनी त्याच्यावर पुढचं काम केलं असतं. आणि सगळं त्या ओंजळभर फुलांवर." मग ती एकदम हसायला लागली, रडता रडताच. "माझ्याच बाबांची सुरंगी! मी वर्षभर बाबांच्या झाडाचे फोटो काढत बसले!"

तिचं हसू थांबेना. मलाही हसू फुटलं. आत पोंक्षेबाईंनी बहुतेक ते ऐकलं असावं, कारण त्यांनी मोठ्याने विचारलं की यजमान लोक उपाशी ठेवणार आहेत का.

आई स्वयंपाकघरात भिंतीशी बसली होती. जेवणार नाही म्हणाली. पोंक्षेबाई तिच्यासमोर खाली मांडी घालून बसल्या. "मनुबाई, चाळीस वर्षं मी हे काम करतेय," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताखालच्या पोरांनी नमुन्याजवळ बसून डबे खाल्लेत, अत्तरं लावून आलेत. पण एकानेही कधी स्वतः होऊन कबूल केलेलं नाही. तुम्ही वाढताय की मी घेऊ?"

आईने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं, ही पुण्याची बाई आपली थट्टा तर करत नाही ना, म्हणून. मग उठली आणि वाढू लागली. तिने पहिली चिंबोरी रचनाच्या पानात टाकली. रचना म्हणाली, "आई, तुम्हीपण बसा." आई बसली. एवढंच झालं, आणि मी भाताचं पातेलं पुढे ओढलं.

"उद्या वाडीला आणि सरपंचांना मी सांगते," जेवता जेवता रचना म्हणाली. "माझी चूक आहे, मी डब्याला कुलूप लावायला हवं होतं."

"तू कशाला?" आई म्हणाली. "फुलं मी ठेवली. मी सांगन."

आणि तिने सांगितलं. सरपंचांकडे स्वतः जाऊन रंगाऱ्याला थांबवलं. बोर्लीच्या बाजारात महिनाभर, ज्या ज्या गिऱ्हाइकाला होडी आमची म्हणून सांगितली होती, त्याला त्याला थांबवून ती आमची आहे की नाही ते कळलेलं नाही, असं सांगितलं. काही जणांना तर मूळ गोष्ट आठवतही नव्हती. त्यांना आधी ती सांगून मग परत घ्यावी लागली. यात तिचा धंदा चांगला झाला, कारण थांबलेलं गिऱ्हाईक पाव किलो जवळा तरी घ्यायचंच.

रचनाने प्रबंधातलं सुरंगीचं प्रकरण काढून टाकलं. त्याच्या जागी दुसरं लिहिलं. आपल्याकडे जुनी वस्तू सापडली की लोक आधी तिची पूजा करतात, तर नमुना घेणाऱ्याने फुलांना हाकलण्याऐवजी आधी बायकांना विचारावं, कुणी काय वाहिलं आणि नंतर घरी काय झालं, असं त्यात होतं. सुरंगीची सगळी हकिगत खाली तळटीपेत आईच्या नावासकट दिली. परीक्षकांनी म्हणे सगळ्यात जास्त वेळ त्याच प्रकरणावर घालवला. होडी कुठली, याचं उत्तर मात्र त्यात नव्हतं. तिवर होतं, गवतं होती, आणि एक कण असा होता जो आपल्याकडच्या कुठल्याच झाडाशी जुळत नव्हता. रचना डॉक्टर झाली त्या दिवशी आमच्या फेरीबोटीवाल्यांनी भोंगा वाजवून सबंध खाडी दणाणून सोडली.

गेल्या डिसेंबरात मुरुडच्या कॉलेजात प्रदर्शन भरलं. खात्याने आमच्या होडीची एक फळी काचेच्या पेटीत घालून तेवढ्यापुरती पाठवली होती. आम्ही सगळी वाडी तिला बघायला गेलो. बायकांनी लुगडी-साड्या ठेवणीतल्या नेसल्या होत्या, पण रचनाचा मान राखून एकीनेही डोक्यात फूल घातलं नव्हतं. आई पेटीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिला तिथे कुणी उभं केलं नव्हतं, आणि तिथून हलवायची हिंमतही कुणाची झाली नाही.

मुंबईहून फिरायला आलेलं एक कुटुंब पेटीसमोर थांबलं. त्यातल्या गृहस्थाने पेटीवरची चिठ्ठी वाचली, काच न्याहाळली आणि आईला विचारलं, "मावशी, ही होडी इथलीच का?"

गोदूमावशीने उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. आईने हाताने तिला थांबवलं.

"म्हाईत न्हाय," ती म्हणाली.

"म्हणजे कुठून आली, कुणाची..."

"न्हाय म्हाईत. अजून कुनालाच म्हाईत न्हाय. सोद चालू हाय."

"मग तुम्हाला काय माहीत आहे?" तो हसत म्हणाला, सहज, थट्टेने.

आई जराशी ताठ झाली. "सुरंगी माजी व्हती," ती म्हणाली. "येवढं पक्कं."

त्या गृहस्थाला काही कळलं नाही. त्याने मान डोलावली आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला. आईने पदर सारखा केला, आणि मागच्या लोकांना फळी नीट दिसावी म्हणून ती एक पाऊल बाजूला सरकली.